नेलपॉलिशचे दोन ठिपके

“पिशवी इथं उलटी कर,” पाथरीकर सर म्हणाले.

इथं म्हणजे व्हरांड्यातल्या फरशीवर. तिथं त्यांनी आधीच कालचा पेपर पसरून ठेवला होता. मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“सर, आधी मशीन बघू का?”

“मशीन कुठं पळून चाललं नाही. आधी पिशवी.”

केली उलटी. तीन स्क्रूड्रायव्हर, चिमटा, बॅटरी, जुना टूथब्रश, खोडरबर, स्पिरिटची बाटली, लाल नेलपॉलिशची बाटली, भाकरीचा डबा. आणि सगळ्यात शेवटी, फडक्यात गुंडाळलेल्या तीन रॅम. रॅम म्हणजे वीतभरही नसलेली एक हिरवी पट्टी. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते मशीनच्या आतल्या खाचेत रुतून बसतात. कॉम्प्युटर काम करताना जे काही डोक्यात धरतो ते त्या पट्टीवर.

सर वाकले. हात न लावता पेनच्या टोकानं त्यांनी एक पट्टी उलटवली.

“ह्या कुणाच्या?”

“माझ्या. भंगारातल्या मशीनमधल्या आहेत. तपासायला लागतात.”

“भंगारातल्या.” तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला. “आणि आमच्या मशीनमधली जुनी कुठली यातली?”

“यातली कुठलीच नाही. तुमची जुनी तुमच्या मशीनमध्येच आहे. काल तुमच्यासमोर तिच्या शेजारी नवी बसवली की.”

“मग सकाळपासून ते बोंबलतंय कशाला? परवापर्यंत धडधाकट चालत होतं. तू हात लावलास आणि बंद पडलं.”

मी खाली बसून एकेक वस्तू परत पिशवीत भरायला लागले. कानाच्या पाळ्या नुसत्या तापल्या होत्या. समोरच्या बंगल्यातली बाई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबली होती आणि एकच टॉवेल तिसऱ्यांदा झटकत होती.

मी संघमित्रा खिल्लारे. गाव जिंतूर, साल दोन हजार सात, वय बावीस. कॉम्प्युटरच्या कुठल्या क्लासचं तोंड मी बघितलं नव्हतं. बाजारामागच्या भंगारवाल्याकडं परभणीहून मशीनं किलोवर यायची. मी ती मागून घ्यायची, दहातलं एक चालू करायची, नऊ मारायची. नऊ मारल्यावर दहावं कसं जगतं ते कळतं. गावात माझ्याइतकं हार्डवेअर येणारे दोघंच होते, आणि ते दोघंही अडले की मलाच फोन करत.

पाथरीकर सरांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन आता ते संस्थेचे सचिव झाले होते. शाळेत वीस कॉम्प्युटरची लॅब यायची होती आणि लॅब सहायकाची एक जागा भरायची होती. “आपली मुलगी आहे, हुशार आहे, तिलाच घेऊ,” असं सर मीटिंगमध्ये बोलले, हे मला शिपायाकडून कळलं होतं. माझी ऑर्डर टाइप होऊन सरांच्या घरी आली होती. कॉम्प्युटरच्या टेबलावर, काचेच्या पेपरवेटखाली. फक्त सही राहिली होती.

“आधी घरचं मशीन नीट करून दाखव,” सर म्हणाले होते. “मग सही. लोकांनी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.”

घरच्या मशीनचं काम असं की, त्यांची अनघा मस्कतला. तिला मुलगी झालेली. आज तिकडं बारसं, आणि ते इकडं पडद्यावर दिसायला हवं. तिकडचे बारा, आपले दीड. मशीन जुनं. कॅमेरा जोडला की चालता चालता मटकन बसायचं. म्हणून मी काल नवी रॅम आणून बसवली, कॅमेरा लावला, अनघाताईशी दोन मिनिटं बोलूनही दाखवलं. काकूंनी पडद्यावरच्या लेकीला हात लावून बघितला होता.

काल सर माझ्या शेजारीच उभे होते. “हे उघडतं कसं गं?” त्यांनी विचारलं. मी कौतुकानं दाखवलं. बाजूचा पत्रा दिसायला फिट्ट दिसतो, पण मागचे दोन स्क्रू काढले की बोटभर मागं सरकवायचा आणि मग बाहेर ओढायचा. सरळ ओढला तर जन्मात निघत नाही. “अस्सं,” सर म्हणाले. त्यांनी स्वतः एकदा सरकवून बघितला. ज्यानं मला वर्गसमीकरण शिकवलं त्याला मी काहीतरी शिकवतेय, या आनंदात काल घरी जाताना मी रस्त्यावर एकटीच हसत होते. वेडी.

आणि आज ही पिशवी.

“ये आत,” सर म्हणाले. “साडेदहा झालेत. दीडच्या आत नाही झालं तर त्या कागदाचं काय करायचं ते मी ठरवीन. आणि गावात कुणी मला तुझ्याबद्दल विचारलं तर खोटं मी बोलणार नाही, सांगून ठेवतो.”

गाव केवढं? सरांनी चौघांजवळ नुसतं “पोरगी पार्ट बदलते” म्हटलं असतं तरी माझ्या हातात कुणी माउससुद्धा दिला नसता.

आतून मसालेभाताचा वास येत होता. कालिंदीकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. तोंडल्याला हळद-मीठ चोळत होत्या, हात मनगटापर्यंत पिवळे.

“आलीस का मित्रा? बघ गं बाई. काल कसं चाललं होतं.”

“बघते काकू.”

“पाणी देऊ?”

“आधी काम करू दे तिला,” सर म्हणाले.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. आणि आतून आवाज. टीऽऽऽ. थांबला. टीऽऽऽ. पुन्हा थांबला. लांब, एकसारखा, अंगावर येणारा. मशीन बोलत नाही म्हणतात ते चूक. हे मशीन सांगत होतं की मला माझी रॅम सापडत नाही.

बंद केलं. मशीन माझ्याकडं फिरवलं, स्क्रूड्रायव्हर काढला, मागं वाकले आणि तशीच थांबले.

माझी एक सवय आहे. काम संपलं की पत्र्याच्या दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा. पूर्वी एकानं माझ्या मागं पार्ट काढून घेतला आणि आळ माझ्यावर घातला, तेव्हापासून. ठिपका न तडकता स्क्रू फिरत नाही.

दोन्ही ठिपके तडकले होते. एकाचा अर्धा टवका उडाला होता.

“सर, मी गेल्यावर हे कुणी उघडलं होतं का?”

“कोण उघडणार? आम्हाला काय कळतं त्यातलं?”

“नाही, स्क्रू फिरलेत म्हणून विचारलं.”

“म्हणजे आम्ही खोटं बोलतोय?”

काकूंच्या हातातलं तोंडलं खाली पडलं. त्या ते उचलायला वाकल्या आणि उचलून होईपर्यंत बराच वेळ लागला.

“तसं नाही म्हटलं सर,” मी म्हटलं, आणि पत्रा काढला.

आत वरवर बघता सगळं जागेवर. दोन्ही रॅम बसलेल्या. जुनीवर सरांच्या मशीनबरोबर आलेला पिवळा पडलेला स्टिकर तसाच होता.

“ही बघा तुमची जुनी. स्टिकरवरचा नंबर बिलाशी लावून बघा.”

सरांनी चष्मा लावला, लांबूनच बघितलं. “बरं,” म्हणाले. “मग चालत का नाही?”

दोन्ही काढल्या. दात खोडरबरानं घासले, बसवल्या, दाबल्या. टीऽऽऽ. नवी काढून एकटी जुनी लावली. टीऽऽऽ. खाच बदलली. टीऽऽऽ. माझ्या भंगारातली लावली, जी माझ्या घरी दहा मशीनवर चालली होती.

“आता तुझी घाल त्यात आणि आमची पिशवीत टाक,” सर म्हणाले.

मी मान वर केली नाही. केली असती तर काय बोलले असते कुणास ठाऊक. टीऽऽऽ.

साडेअकरा. सव्वाबारा. सर आत-बाहेर करत होते. दर फेरीला घड्याळाकडं बघायचे आणि मग पेपरवेटखालच्या कागदाकडं. मला दिसेल असं. माझी आई त्या वेळी दोन गोठ्यांत शेण काढायला जात होती. गुडघे गेलेले. पहिल्या पगारापासून तिचं काम बंद, असं मी तिला सांगून बसले होते, आणि तिनं एका गोठ्याला तसं कळवूनही टाकलं होतं.

चारही खाचा तर एकदम मरत नाहीत. चार दिवे एकदम गेले तर आपण दिवे बदलत बसत नाही, मेन स्विच बघतो. मी बॅटरी पेटवली, खाचांच्या फटीत धरली आणि डोळा अगदी जवळ नेला.

तेव्हा वास आला. मशीन मघापासून चालू-बंद करून आत ऊब धरली होती, आणि त्या उबेवर तो वर आला. मसालेभाताच्या वासाच्या खालून, उग्र, खारट. दुसऱ्या कुणाला ओळखायला वेळ लागला असता. मी गोठ्यात वाढलेली पोरगी. आईच्या पदराला हाच वास यायचा.

गोमूत्र.

बॅटरीच्या उजेडात मग सगळंच दिसलं. खाचांवर वाळलेले गोल गोल डाग. फटीच्या आतल्या तारांवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं. आणि शेवटच्या खाचेच्या कडेला चिकटलेलं, काळं पडलेलं एक तुळशीचं पान.

मी चिमट्यानं ते उचललं आणि उजेडात धरलं.

कुकरची शिट्टी झाली.

“अगं बाई, ते... ते मीच,” काकू घाईघाईनं म्हणाल्या. “मीच गं मित्रा. काल संध्याकाळी पूजा केली मी. नवीन वस्तू बसवली ना, म्हणून. नातीचं पहिलं दर्शन त्यात होणार, म्हणून जरा शिंपडलं. मला काय माहीत असं होतं ते.”

“धन्य आहेस!” सर कडाडले. “किती वेळा सांगितलंय तुला, यंत्राला असले प्रकार करू नयेत! मित्रा, बघ. बाहेर मी जयंतीच्या व्यासपीठावर गळा काढून बोलतो, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा. काय सांगायचं लोकांना?”

काकू फरशीकडं बघत उभ्या. पिवळे हात पदराला लागू नयेत म्हणून लांब धरलेले.

“असू दे काकू,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त एवढं सांगा, पूजेला हे उघडलंत कुठून?”

“हे होय?” त्यांनी मशीनकडं बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. मग पुढं येऊन पुढच्या बाजूला बोट दाखवलं, जिथं सीडीचा कप्पा असतो. “हे... इथूनच की. हे पुढचं झाकण.”

पत्रा माझ्या मांडीवर होता. आडवा, बाजूचा.

मी सरांकडं बघितलं नाही. गरज नव्हती. पूजा सगळेच करतात. माझ्या गिऱ्हाइकांच्या मशीनांवर दसऱ्याला स्वस्तिकं असतात, फुलं असतात, समोरच्या बटणाला कुंकू असतं. बाहेरून. आत कुणी शिंपडत नाही. आत शिंपडायचं कारण एकच असू शकतं. आत माझे हात गेले होते.

“काकू, हेअर ड्रायर आहे का घरात?”

“अनघाचा आहे कपाटात.”

त्या पिवळे हात नुसते झटकून ड्रायर घेऊन आल्या. मला द्यायला निघाल्या होत्या, पण सर मधे आले, तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या समोर टेबलावर ठेवला. “घे,” म्हणाले.

तीन वर्षं मी त्यांच्या वर्गात होते. माझी वही ते म्हणायचे “ठेव तिथं”. तपासून झाली की टेबलाच्या कडेला सरकवायचे. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव असायचे. मला वाटायचं, सरांची पद्धतच आहे तशी. कडक आहेत. काल नव्या रॅमचं पाकीटही त्यांनी मला टेबलावरच ठेवायला लावलं होतं. आत्ता मात्र त्यांनी काकूंच्या हातातून ड्रायर घेतला होता. हातातून हातात.

मी स्पिरिट ओतलं. टूथब्रशनं एकेक फट घासायला लागले. हिरवं निघत होतं, बोटं झोंबत होती. स्पिरिट, ब्रश, ड्रायर. पुन्हा स्पिरिट. एक वाजला. काकू ताटं घ्यायला गेल्या नाहीत, सर फेऱ्या मारायचे थांबले. एक वाजून वीस मिनिटांनी मी जुनी रॅम बसवली, नवी बसवली, अंगठ्यांनी दाबली, दोन्ही बाजूंचे चाप कट्कन मिटले.

बटण दाबलं.

टिक्. एकच. छोटासा.

पडद्यावर उजेड आला. काकूंनी “आली गं माझी बाय!” म्हणून टाळी वाजवली, आणि कोण आली हे त्यांचं त्यांनाच माहीत.

“झालं ना? वा,” सर म्हणाले. आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. “होतं असं. चुका होतात माणसांच्या. आम्ही काही मनात ठेवणार नाही.” त्यांनी खिशातून पेन काढलं, पेपरवेट बाजूला केलं. “ते बंद करून टाक आता. उघडं बरं दिसत नाही.”

मी उभी राहिले. पत्रा त्यांच्या समोर ठेवला. त्यावर दोन स्क्रू ठेवले.

“बंद तुम्ही करा सर.”

“मी?”

“हो.”

“मला कुठं येतं गं त्यातलं?”

“येतं. काल शिकलात.”

काकूंचा श्वास मला ऐकू आला. सरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. ऑर्डर त्यांच्या कोपराखाली. मला ती दिसत होती. माझं नाव, आडनाव, पद. आईचे गुडघे. सगळं दिसत होतं.

मी स्क्रूड्रायव्हर पुढं केला. दांडा त्यांच्याकडं.

“ठेव तिथं,” सर म्हणाले.

“नाही सर. हातातून घ्या.”

“टेबलावर ठेव ना. मी घेतो.”

“हातातून घ्या.”

तेवढ्यात मशीन वाजायला लागलं. पडद्यावर अनघाताईचं नाव, शेजारी हलणारी घंटा. मस्कतहून. दीड वाजला होता.

“अहो,” काकू म्हणाल्या.

घंटा वाजत होती. माझा हात तसाच पुढं. खांदा भरून आला, पण मी तो खाली घेतला नाही. बावीस वर्षांत इतका वेळ मी कुणासमोर हात धरून उभी राहिले नव्हते. आणि मला त्यांच्याकडून काही नको होतं. मी देत होते.

“अहो, तिचा फोन बंद होईल,” काकू म्हणाल्या. “काय बघताय? घ्या की तिच्या हातातनं!”

चाळीस वर्षांच्या संसारात त्या आवाजात काकू कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

सरांनी घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती. मग त्यांनी पत्रा उचलला, बरोबर बोटभर मागं धरून टेकवला, पुढं सरकवला, एका दमात. दोन स्क्रू पिळले. एकदाही चुकले नाहीत.

काकूंनी खुर्ची ओढली. सरांनी माउस हलवला आणि पडद्यावर अनघाताई आली. मागं पाळणा, फुगे, आणि तिच्या हातात लाल दुपट्यातलं बोचकं. बोचक्यानं तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. काकू रडायला लागल्या, अनघाताई तिकडं रडायला लागली. मी माझी पिशवी भरली.

सरांनी पडद्याकडं बघत बघतच सही केली. कागद टेबलाच्या कडेला सरकवला.

“घे,” म्हणाले. “सोमवारी हजर हो.”

मी घेतला नाही. उभी राहिले. पुन्हा हात पुढं.

सर पडद्याकडंच बघत राहिले. नात रडत होती. कागद कडेला अर्धा हवेत, पंख्यानं फडफडत. तो खाली पडला असता तर मी वाकून उचलला असता की नाही, हे मी आज सतरा वर्षांनीही सांगू शकत नाही. सर जाऊन चार वर्षं झाली, अजून ठरवता आलेलं नाही.

काकू उठल्या. नातीच्या समोरून उठल्या. कागद उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी माझी मूठ मिटली.

“मी काल यांना नको म्हटलं होतं गं,” त्या म्हणाल्या. हळू नाही, नेहमीच्या आवाजात.

कॅमेऱ्याबरोबरचा माइक मीच काल बसवला होता. चांगला होता.

“काय नको म्हटलं होतंस, आई?” मस्कतहून अनघाताईनं विचारलं. “बाबा? आई काय म्हणतेय?”

मी चपला घातल्या. फाटकाबाहेर पडले.

सोमवारी शाळेत गेले. हेडक्लार्कनं ऑर्डर घेतली, उजेडात धरली, कपाळाला आठी घातली. सहीच्या शेजारी अंगठ्याएवढा हळदीचा ठसा होता.

“सरकारी कागद आहे हा. याला हे पिवळं काय लागलंय?”

“हात लागलाय,” मी म्हटलं. “तसाच फाइलला लावा.”